शोधनिबंध सापडत नाही? या चुका टाळा

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेले विद्यार्थी "ग्रंथालयात हा लेखच नाही" असे सांगत येतात, तेव्हा शेजारी बसून पाहिल्यावर बहुतेक वेळा असे दिसते की लेख आहे, शोधण्याची जागा किंवा शब्द मात्र चुकला आहे.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे हंसा मेहता ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये लेखाचे शीर्षक टाकणे. कॅटलॉगमध्ये नियतकालिकाची नोंद असते. त्याच्या प्रत्येक अंकातील प्रत्येक लेखाची सहसा नसते. म्हणून संदर्भातून आधी नियतकालिकाचे नाव वेगळे काढावे, ते शोधावे आणि मग वर्ष, खंड, अंक व पृष्ठ या क्रमाने लेखापर्यंत जावे. नाव बदलले असण्याची शक्यताही तपासावी. 1949 साली सुरू झालेले 'इकॉनॉमिक वीकली' 1966 पासून 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' झाले, त्यामुळे 1958 चा लेख नव्या नावाखाली शोधणारा रिकाम्या हाताने परततो. संदर्भात संपादकाचे नाव आणि प्रकाशनाचे गाव दिले असेल, तर तो बहुधा पुस्तकातील लेख असतो, आणि तेव्हा पुस्तकच शोधावे लागते.

जेस्टोरसारख्या, नियतकालिकांतील लेख ऑनलाइन देणाऱ्या डेटाबेसमध्ये अडचण वेगळी येते. समजा, विषय बडोदे संस्थानातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आहे, जे 1893 मध्ये अमरेलीत प्रयोगादाखल आणि 1906 मध्ये संस्थानभर लागू झाले. विद्यार्थी प्रबंधाचे संपूर्ण शीर्षकच शोधचौकटीत टाकतो आणि हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी दोन-तीन नेमके शब्द घ्यावेत, आणि त्यांची रोमन लिपीतील सर्व रूपे लक्षात ठेवावीत. गायकवाड हे आडनाव जुन्या इंग्रजी लेखनात कधी 'आर'ने संपते, कधी 'डी'ने, आणि मधले स्वरही बदलतात. सयाजीराव एका शब्दात लिहितात तसे दोन शब्दांतही लिहितात. आपण मराठीत आजही बडोदे म्हणतो, पण शहराचे अधिकृत नाव 1974 मध्ये वडोदरा झाले, म्हणून इंग्रजीतली दोन्ही नावे 'ऑर' (OR, म्हणजे 'किंवा') या शब्दाने जोडून शोधणे आवश्यक आहे. हा 'ऑर' मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि दोन शब्द लागोपाठच हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत घालावेत. या एका सवयीने किती अडलेली कामे मार्गी लागतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रकाशकाच्या पानावर पैशांची मागणी दिसताच कार्डाला हात लावू नये. आपण घरून, विद्यापीठाच्या नेटवर्कबाहेरून पाहत असलो, तर सदस्यत्व असूनही ते पान आपल्याला ओळखत नाही. ग्रंथालयाने दिलेल्या लॉगिनमधून पुन्हा जावे. 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके आहेत, तेव्हा विकत घेण्याआधी ती यादी पाहणे अगत्याचे आहे. जेस्टोरवर काही नियतकालिकांचे अगदी अलीकडचे अंक मुद्दामच नसतात. ते प्रकाशकाच्या संकेतस्थळावर पाहावेत.

एवढे करूनही लेख मिळाला नाही, तर ग्रंथपालांकडे जाताना लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड, अंक आणि पृष्ठे कागदावर लिहून न्यावीत. दुसऱ्या ग्रंथालयातून प्रत मागवायची झाल्यास त्यांना हाच तपशील लागतो.