अग्निशमन जवानांच्या व्यायामातल्या या चुका टाळा

मुंबई अग्निशमन दलाच्या भरतीत ८०० मीटर धावणं असतं, १९ फुटांवरून जम्पिंग शीटमध्ये, म्हणजे खाली ताणून धरलेल्या जाड कापडात, उडी असते, ५० किलोची मानवाकृती खांद्यावर घेऊन चढउतार असते. त्यासाठी पोरं पहाटे मैदान गाठतात, घाम गाळतात आणि निवड यादीत नाव लागलं की बूट कोपऱ्यात जातात. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मैदानी चाचणी एका सकाळची असते. आगीचे कॉल मात्र पुढची तीस वर्षं येत राहतात आणि वयाच्या पन्नाशीतही जिने तेवढेच चढावे लागतात.

दुसरी चूक म्हणजे फक्त धावणं. रोज पाच किलोमीटर सहज पळणारा जवानही सहाव्या मजल्यावर पोचेपर्यंत धापा टाकतो. कारण अंगावर फायर सूट, हेल्मेट, गमबूट आणि पाठीवर बीए सेट (धुरात श्वास घेण्यासाठीचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) मिळून वीसेक किलो वजन असतं, वर हातात होज, म्हणजे पाण्याचा पाइप. वजन घेऊन चढण्याची सवय शरीराला वेगळी लावावी लागते. आठवड्यातून दोनदा पाठीला पाच किलोची सॅक लावून जिना चढा. उतरताना घाई करू नका, गुडघे दुखावतात ते बहुतेक उतरतानाच. दर दोन आठवड्यांनी दोन-अडीच किलो वाढवा, त्याहून जास्त नको. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखलं, तर वजन कमी करा आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम वाढवा. दुखणं दाबून तसंच रेटू नका.

हे सगळं मी इतकं रेटून सांगतोय ते बीए सेटच्या हिशेबामुळे. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला की त्यात साधारण २,००० लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर हवा लागली, तर ५० बारची राखीव हवा सोडून चाळीसेक मिनिटं मिळतात. पण दमछाक झालेला माणूस मिनिटाला ८० लिटरही ओढतो, म्हणजे हवा संपत आल्याची सेटची शिट्टी वाजेपर्यंत जेमतेम वीस मिनिटं. दोघांचा सिलिंडर सारखाच, तरी एकाला दुप्पट वेळ! धुरात अडकलेल्या माणसापर्यंत पोचून त्याला बाहेर आणायला तो वेळ लागतो, आणि तो मिळवून देतो दम. म्हणून सरावात धाप लागलेली असतानाच नाकाने हळू श्वास घ्यायचा आणि तोंडाने लांब सोडायचा, ही सवय लावा. बसून केलेला प्राणायाम चांगलाच, पण तेवढ्यावर थांबू नका.

जिममधली चूक आरशासमोर होते. छाती आणि दंड फुगतात. पाठ, कंबर आणि पकड तशीच कच्ची राहते. बेशुद्ध माणूस बारबेलसारखा सरळ उचलता येत नाही, त्याचं अंग लोंबतं आणि हातातून निसटतं. वाळूने भरलेली गोणी छातीशी धरून चालणं, ती मागे सरकत ओढत नेणं, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन चालणं हे व्यायाम कामाला येतात. गोणी उचलताना कंबरेत वाकू नका, गुडघ्यात बसा. वजन अंगाशी ठेवा आणि उचलल्यावर वळायचं असेल तर पाय फिरवा, कंबर पिळू नका. कंबरेपासून पायात कळ किंवा मुंग्या जात असतील तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

रोज पूर्ण सूट घालून सराव करणं ही हौशी जवानांची चूक. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत एरवीही घाम वाळत नाही, सूटमध्ये तर तो अडकूनच राहतो आणि अंगातली उष्णता चढत जाते. आठवड्यातून एकदा, थोडा वेळ, सकाळच्या गारव्यात आणि सोबत कोणीतरी असताना तो घाला. नवख्या शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. वजन उतरवण्यासाठी रेक्झिनचं जाकीट घालून पळणं तर साफ बंद करा, त्यात उतरतं ते पाणी. डोकं गरगरलं, अंगावर काटा आला, मळमळ झाली की तिथेच थांबा.

रात्रभर कॉल करून आल्यावर सकाळी जोरकस व्यायाम नको. त्या दिवशी झोप आणि नंतर थोडं चालणं पुरे.

हृदयाबद्दल मात्र जरा थांबून वाचा. अमेरिकेत ड्युटीवर मृत्यू पावणाऱ्या अग्निशमन जवानांपैकी जवळपास निम्म्यांचा जीव आगीने नव्हे, तर हृदयविकाराने जातो. घंटा वाजताच नाडी झपाट्याने वाढते, मग वजन, धूर आणि उष्णता येते. चाळिशी ओलांडलेल्यांनी अचानक जोरात व्यायाम सुरू करण्याआधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्यावा, डॉक्टरांनी सांगितलं तर स्ट्रेस टेस्टही. जिना चढताना छातीत दडपण येत असेल, डावा हात किंवा जबडा दुखत असेल, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून ड्युटी पूर्ण करू नका. आणि लांबलेल्या सुट्टीनंतर एकदम जोर काढल्यावर लघवी चहाच्या रंगाची झाली, तर स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची शक्यता असते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.