झुरळांसाठी बोरिक पावडरच्या गोळ्या
सांगलीत पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढू लागलं की गटारातली झुरळं मोरीतून वर येतात. स्प्रेने समोर दिसतील तेवढीच मरतात. त्यापेक्षा गोळ्या करा. बोरिक पावडर (पूर्वी आम्ही कॅरमवर टाकायचो तीच) आणि कणीक सारखी घ्या, चमचाभर पिठीसाखर घाला, थोड्या दुधात घट्ट मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळा. भांडं वेगळं ठेवा, हात साबणाने धुवा. फ्रीजच्या मोटरजवळ, ओट्याखालच्या फटीत ठेवा; लहान मुलं, मांजर पोचणार नाही अशाच जागी. तिथे स्प्रे मात्र नको, झुरळं गोळीकडे फिरकतच नाहीत. आठवडाभर धीर धरा, हे औषध सावकाश काम करतं.

छोट्या तपकिरी जातीच्या एका अंडकोशात 30-40 अंडी असतात, म्हणून तीन-चार आठवड्यांनी नव्या गोळ्या ठेवाच.

आणि पाणी तोडा! झुरळ उपाशी बरेच दिवस काढतं, पाण्याविना तेवढं तगत नाही. रात्री बेसिन पुसून कोरडं, मोरीच्या जाळीवर पालथी वाटी. किराण्याचे पुठ्ठ्याचे खोके माळ्यावर साठवू नका. आमच्याकडे दुसऱ्यांदा झुरळं शिरली ती त्यातूनच.