एमक्यू-६ गॅस सेन्सरचा भरकटणारा आकडा

स्वयंपाकघरासाठी एमक्यू-६ सेन्सर अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डला जोडून एलपीजीचा अलार्म केला होता. शेगडी बंद असतानाही भोंगा वाजायचा, वायफाय मॉड्यूल चालू झालं की जास्तच. घरात फोडणीला दोष देऊन झाला होता.

कोडला हात लावण्याआधी मल्टीमीटर लावला. सेन्सरमधल्या हीटरच्या पिनांवर ५ ऐवजी ४.२ व्होल्ट, तेही हलते!

या सेन्सरमध्ये टिन डायऑक्साइडचा थर असतो. हीटरने थर तापला की हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो आणि इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो, म्हणून थराचा विद्युत रोध जास्त. एलपीजी आला की त्या ऑक्सिजनशी त्याची अभिक्रिया होते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध घसरतो आणि आकडा चढतो. हे सगळं थर नीट तापलेला असेल तरच. हीटरला साधारण १५० मिलिअँपिअर लागतात. यूएसबीच्या बारीक वायरवरून, वायफायचं भागवून, ते कुठून मिळणार?

हीटरला ५ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर दिला, ग्राउंड (ऋण बाजूची वायर) मात्र सामायिक ठेवला. दिवसभर तापू दिलं, मग खिडक्या उघडून स्वच्छ हवेतला आकडा पाया धरला. आता लायटरचा न पेटवलेला गॅस सोडला की आकडा झटकन चढतो, एरवी जागचा हलत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून डबी ओट्याखाली जमिनीपासून वीतभर उंचीवर लावली. जवळपास सिलिकॉन सीलंट वापरू नका, त्याच्या वाफेने सेन्सर कायमचा बाद होतो. पावसाळ्यात दमट हवेने आकडा थोडा सरकतो. तेव्हा पाया पुन्हा घेतो.