पडीक नावेत भाजीचा वाफा

चिकोडी-रायबाग भागात कृष्णाकाठी जुनी लाकडी नाव कुजत पडली असेल, तर जळणात घालू नका. परसात तिचा झकास वाफा होतो.

१. आधी मालकाला विचारा.
२. स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. बोटभर आत गेला तर ती फळी बदला.
३. दगडांवर वीतभर उंच ठेवा, म्हणजे वाळवी लागली तर लगेच दिसते. तळाला हात-हात अंतरावर भोकं पाडा. हे टाळूच नका. पावसाळ्यात पाणी तुंबलं की मुळं कुजतात.
४. तळात विटांचे तुकडे, वर माती, शेणखत, थोडी वाळू. नुसती काळी माती घट्ट बसते.

मेथी, कोथिंबीर चांगली येते.

डांबर फासलेल्या नावेत मात्र खायची भाजी नको, झेंडू लावा.