स्नो लेपर्डवर मॅकपोर्ट्स टाकायच्या आधीची तयारी

जुन्या मॅकवर (मी इथे १०.६ स्नो लेपर्ड धरून चाललोय) मॅकपोर्ट्समधून (मॅकवर मोफत सॉफ्टवेअर सोर्स कोडवरून बनवून टाकणारं साधन, त्यातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरला पोर्ट म्हणतात) काही बिल्ड करायचं असेल तर खरं काम पोर्ट इन्स्टॉल लिहायच्या आधीचं असतं. तुम्हाला हवं ते सॉफ्टवेअर सहसा अडत नाही, अडतो तो कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारा) नाहीतर नेट, म्हणून तयारी या दोघांची करायची. सिस्टीम २००९ ची असली तरी ती ठेवणारे वेडे नाहीत, रोझेटा असलेली ही शेवटची, त्यामुळे पॉवरपीसीची (इंटेलच्या आधीच्या मॅकची) जुनी ॲप्लिकेशन्स यावर चालतात, क्वार्कच्या जुन्या फाईली सांभाळणारे डीटीपीवाले ती का सोडतील, आणि २००६ च्या कोअर ड्युओ मॅकबुकवर अधिकृतपणे यापुढची सिस्टीम चढतच नाही.

सगळ्यात आधी १०.६.८ पर्यंत अपडेट आहे ना बघा आणि घड्याळ बघा. बरीच वर्षं बंद असलेलं मशीन भलतीच तारीख दाखवतं आणि मग सर्टिफिकेटही फेल जातात आणि बिल्ड चालवणारी मेक कमांडही फाईलींच्या तारखांवरून कटकट करते. मग प्रोसेसर. यूनेम कमांडवर विसंबू नका, ६४-बिट प्रोसेसर असला तरी कर्नल (सिस्टीमचा गाभा) ३२-बिट बूट झालं असेल तर ते आय३८६ च सांगतं. त्यापेक्षा अबाउट धिस मॅक उघडा, कोअर ड्युओ लिहिलं असेल तर ३२-बिट, कोअर टू ड्युओ असेल तर ६४.

आता नेट. दुसरं नवं मशीन हाताशी ठेवाच, कारण या सिस्टीमच्या ओपनएसएसएल ०.९.८ लायब्ररीला टीएलएस १.२ (सुरक्षित जोडणीचा प्रोटोकॉल) येत नाही, सफारीचीही तीच गत, आणि गिटहबने त्याच्या आधीचं सगळं फेब्रुवारी २०१८ मध्येच बंद केलं, तर गिटहबवरचा मॅकपोर्ट्सचा पॅकेज इन्स्टॉलर तुम्ही जुन्या मॅकच्या सफारीतून उतरवूच शकणार नाही. नव्या मशीनवर १०.६ साठीचा इन्स्टॉलर आणि ॲपलच्या डेव्हलपर साईटवरून एक्सकोड ३.२.६ (ॲपलची कंपायलरसकट डेव्हलपर साधनं) घ्या, फ्री अकाउंट पुरतं. एक्सकोडची डिस्क इमेज चार जीबीच्या आसपास आहे त्यामुळे फॅट३२ पेन ड्राइव्हच्या नादी लागू नका, एक्सफॅट करा, १०.६.५ पासून ते वाचता येतं. एक्सकोड टाकताना यूनिक्स डेव्हलपमेंटची टिक लावलेली असली पाहिजे, हे दोनदा बघा.

मॅकपोर्ट्स चढवायच्या आधी यूजर-लोकल (/usr/local) फोल्डरमध्ये काय काय पडलंय ते तपासा. तिथे कधीकाळी हाताने टाकलेल्या लायब्ररी आणि हेडर असतील तर कंपायलर तुम्हाला न विचारता त्याच उचलतो आणि मग एरर असा येतो की कुठून आला ते कळतच नाही. फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवा. फिंक (मॅकपोर्ट्ससारखंच दुसरं साधन) असेल तर तेही. मॅकपोर्ट्स स्वतःचं सगळं ऑप्ट-लोकलमध्ये (/opt/local) ठेवतं, ते कुणाच्या अध्यात नसतं.

मॅकपोर्ट्स आणि पोर्टची यादी ताजी करणारं सेल्फअपडेट आरसिंकने (फाईली जुळवून घेणारं साधन) चालतं, त्याला नेटवर्कचा ८७३ नंबरचा पोर्ट लागतो, ऑफिस किंवा हॉस्टेलच्या वायफायवर तो बंद असू शकतो, तेव्हा हे काम घरच्या नेटवर किंवा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर उरका. एखादी सोर्स फाईल उतरलीच नाही तर नव्या मशीनवर घेऊन डिस्टफाईल्समधल्या (उतरवलेल्या सोर्स फाईलींची जागा) त्या पोर्टच्या फोल्डरमध्ये ठेवून द्या, चेकसम (फाईल तीच आहे हे पटवणारा आकडा) जुळला की ती चालते.

कंपायलरला मात्र वेळ द्या. एक्सकोडबरोबर येणाऱ्या जीसीसी ४.२ ला सी प्लस प्लस ११ (त्या भाषेची २०११ ची आवृत्ती) येत नाही आणि आजकाल ते सगळ्यांनाच लागतं. नव्या क्लँग कंपायलरचा पाया असलेल्या एलएलव्हीएमलाही ३.५ पासून लागतं, म्हणून आधी ३.४ बिल्ड होतो, त्यावरून पुढचा, त्यावरून त्याच्या पुढचा, अशी साखळी लागते. लिबसी प्लस प्लस ही सी प्लस प्लसची नवी लायब्ररी सिस्टीममध्ये १०.७ ला आली, इथे ती मॅकपोर्ट्स देतं, आणि नव्या कोडला लागणारी जी फंक्शन जुन्या सिस्टीममध्ये नाहीत, उदाहरणार्थ क्लॉक-गेटटाइम, ती लेगसी-सपोर्ट नावाचा पोर्ट भरून काढतो. हे लोकांनी फुकट, स्वतःच्या वेळात केलेलं काम आहे आणि त्याच्यामुळेच ही मशीन अजून उपयोगाची आहेत. या साखळीसाठी डिस्कवर भरपूर जागा मोकळी ठेवा, वीस-पंचवीस जीबी असली तर काळजी नाही, आणि रॅम दोन जीबीच असेल तर मॅकपोर्ट्सच्या कॉन्फ फाईलमध्ये बिल्डमेकजॉब्स १ करा, म्हणजे एका वेळी एकच काम चालेल. आधी पोर्ट कमांडला मायनस बी लावून तयार बायनरी मिळते का बघा, मिळाली तर रात्र वाचली.

पोर्ट आरडेप्स चालवून (हवं ते सॉफ्टवेअर कशाकशावर अवलंबून आहे ते यात दिसतं) पूर्ण झाड वाचा, नुसती पहिली ओळ नाही. त्यात रस्ट (ही प्रोग्रामिंग भाषा) दिसलं तर थांबा, कारण १०.६ वर ते सहजासहजी होणारं काम नाही. बरेचदा एखादा व्हेरियंट (पोर्टचा ऐच्छिक भाग) काढला की ती फांदीच जाते. लिबआरएसव्हीजीमध्ये (एसव्हीजी चित्रं दाखवणारी लायब्ररी) रस्ट २.४१ पासून आलं, २.४० ला त्याची गरज नाही, अशी माहिती आधी काढून ठेवलेली बरी.

मग फॅनची धूळ काढा, चार्जर लावा, झोपू नये म्हणून पीएमसेट नोआयडल चालू ठेवा (कॅफिनेट १०.८ पासून आहे, इथे शोधू नका). मध्येच लाईट गेली तरी सगळं पाण्यात जात नाही, तीच कमांड परत दिली की मॅकपोर्ट्स पूर्ण झालेले टप्पे सोडून पुढे जातं, पण त्यानंतर विचित्र लिंकर एरर आला तर पोर्ट क्लीन करून पुन्हा सुरू करा, अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाईल असू शकते. तरीही फेल झालं तर पोर्ट लॉगफाईलने मेन लॉग कुठे आहे ते काढा आणि सगळ्यात पहिला एरर शोधा, शेवटची ओळ काहीच सांगत नाही. ट्रॅकवर (मॅकपोर्ट्सची तक्रारी नोंदवायची साईट) तिकीट टाकायचं असेल तर तो लॉग पूर्ण जोडा आणि सिस्टीम, एक्सकोड, प्रोसेसर तिन्ही लिहा, समोरच्याकडे तुमचं मशीन नाहीये.

आणि एकदा सगळं चाललं की पोर्ट इको रिक्वेस्टेडची (तुम्ही स्वतः मागितलेल्या पोर्टची) यादी टेक्स्ट फाईलमध्ये काढा आणि मॅकपोर्ट्सच्या व्हार फोल्डरमधले डिस्टफाईल्स आणि सॉफ्टवेअर हे दोन्ही बाहेरच्या डिस्कवर त्याच दिवशी कॉपी करा.