समुद्रसपाटीवरून थेट हिमनदीकडे: कोकणातून गोमुखला जाताना या चुका टाळा

आंबा उतरला की बागायतदार मोकळे होतात, शाळांना सुट्टी असते, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले गट उत्तराखंडकडे निघतात. गंगोत्रीचं दर्शन होतं आणि "एवढं आलोच आहोत तर गोमुखही करू" असं ठरतं. गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे आणि तिच्या मुखापासून, म्हणजे गोमुखपासून, भागीरथी निघते. ती जवळून बघावी अशीच आहे. पण "आलोच आहोत तर" म्हणून करायची ही वाट नव्हे. दरवर्षी त्याच चुका होतात आणि त्यांतल्या बहुतेक घरातून निघण्याआधीच झालेल्या असतात.

उंचीशी घाई

सगळ्यात मोठी चूक हीच.

रत्नागिरी, देवगड, मालवण समुद्राला लागून. हरिद्वार सुमारे ३०० मीटरवर. गंगोत्री ३,१०० मीटरच्या आसपास, गोमुखच्या वाटेवरचा मुक्काम भोजबासा ३,८०० च्या आसपास आणि गोमुख ४,००० मीटरला टेकलेलं. भोजबासाला हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ६२-६३ टक्केच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. व्यायामाने ते दिवस कमी होत नाहीत.

"आम्ही कळसूबाई केलंय" हे उत्तर इथे उपयोगाचं नाही. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे आणि विरळ हवेचा त्रास सहसा २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. रसाळगड-सुमारगड-महिपतगड एका दमात केलेल्या पायांना चढ जाणवणार नाही हे खरं. पण धोका तिथेच आहे. दमदार माणूस वेगाने चढतो आणि डोकं दुखायला लागलं तरी थांबत नाही.

घाईतल्या गटाचं चित्र ठरलेलं असतं. संध्याकाळी हरिद्वारला उतरायचं, दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीत बसून रात्रीपर्यंत गंगोत्री, तिसऱ्या दिवशी सकाळी भोजबासाची वाट. वाटेतल्या चीडबासाला, म्हणजे गंगोत्रीपासून नऊ किलोमीटरवर, गटातला एखादा पन्नाशीचा काटक काका गप्प होतो. डोकं दुखतंय म्हणतो. "उन्हाने असेल, पित्त असेल" म्हणून त्याला डोकेदुखीची गोळी आणि चहा देतात. गोळीने दुखणं दबतं, आजार तसाच राहतो. भोजबासाला पोचल्यावर जेवण नको होतं, उलटी होते. रात्री लघवीला उठल्यावर पाय आडवेतिडवे पडतात. गाइड म्हणतो, आत्ताच खाली नेऊ. बरोबरचे म्हणतात, अंधार आहे, सकाळी बघू. पण तोल जाणं हे मेंदूला सूज आल्याचं लक्षण आहे. तसंच बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यात फेस येणं ही फुप्फुसात पाणी भरल्याची लक्षणं. या दोन्हींत सकाळपर्यंत थांबायचं नसतं. उपाय एकच, ताबडतोब खाली. प्राणवायूचा सिलिंडर आणि औषधं यांनी फक्त खाली नेईपर्यंत वेळ मिळतो. बहुतेकदा असा माणूस काही शे मीटर खाली आला की सुधारायला लागतो, आणि मग सगळे म्हणतात, "काही नव्हतं, उगाच घाबरलो." पुढच्या वर्षी तोच गट तीच घाई करतो.

आमचा क्रम असा. पहिला मुक्काम उत्तरकाशीत, साधारण १,१५० मीटरवर. दुसरा हर्सिलला, २,६०० च्या आसपास. तिसरा आणि चौथा गंगोत्रीत. चौथ्या दिवशी लोळत पडायचं नाही. गोमुखच्या वाटेवर वनखात्याच्या चौकीपर्यंत दोनेक किलोमीटर जायचं, तासभर बसायचं आणि परत झोपायला खाली यायचं. पाचव्या दिवशी भोजबासा. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे. गंगोत्री ते भोजबासा हा टप्पा तो मोडतो, कारण मध्ये मुक्कामाची बरी सोय नाही. म्हणून गंगोत्रीतली दुसरी रात्र सोडायची नाही. "एक दिवस वाचवू" म्हणणारा टूरवाला नेमका हाच दिवस वाचवतो.

ओळखायची युक्ती सोपी आहे. माणसाला सरळ रेषेत, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत दहा पावलं चालायला लावा. जमलं नाही तर चर्चा बंद, उतरायला लागा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर जवळ ठेवा, पण आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

डायमॉक्स या विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळीबद्दल सगळे विचारतात. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर नाही. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. आपल्या डॉक्टरांना रक्तदाब-साखर सांगून, घरी असतानाच विचारून घ्या. गंगोत्रीच्या बाजारात दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी घेऊ नका. आणि गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळता येत नाही.

खेचरावर बसून गेलं तर त्रास होत नाही, हाही गैरसमज. पाय वाचतात, उंची तीच राहते.

माळ्यावरचे बूट

ही चूक खास आपल्याकडची.

पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेले, दोनदाच घातलेले महागडे ट्रेकिंगचे बूट माळ्यावरून काढतात. वरून अगदी नवे दिसतात. बऱ्याच बुटांत तळव्याच्या मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. तो हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो, आणि न वापरता ठेवला तर जास्तच. कोकणातल्या चार पावसाळ्यांत, कपाटात कपड्यांना बुरशी येते तिथे, या थराचा भुगा व्हायला तयार असतो. घरात चालून कळत नाही. आठ-दहा किलोमीटर दगडांवर चाललं की टाच उघडते, मग अख्खा सोल जिभेसारखा लोंबतो. हे हमखास चीडबासाच्या पुढे होतं, कारण वाट तिथे खडबडीत होते. मग चपला घालून, किंवा सुतळीने सोल बांधून, सुटलेल्या दगडांच्या उतारावरून माणूस चालतो आणि घोटा मुरगळतो.

त्यामुळे निघण्याआधी महिनाभर हे करा. बूट हातात घेऊन मधल्या थरात अंगठा जोराने दाबा. भेग पडली, पावडर सुटली किंवा तो दगडासारखा कडक लागला तर बूट टाकून द्या. चांगला वाटला तरी कातळावर, सड्यावर निदान तीन वेळा आठ-आठ किलोमीटर चाला, पाठीवर पाच किलो वजन घेऊन. मार्लेश्वरच्या पायऱ्या दोनदा चढ-उतार केल्या तरी चालेल. उतरताना बोटं पुढे आपटत असतील तर माप लहान आहे, अर्धा नंबर मोठा घ्या. नवे बूट घेऊन थेट गंगोत्रीत घालणं ही याचीच जुळी चूक. फोड तिसऱ्या तासाला येतात.

बॅगेत रुंद चिकटपट्टी, पाच मीटर लांबीची, आणि चार प्लास्टिकचे टाय ठेवावेत. सोल सुटलाच तर त्यावर भोजबासा गाठता येतं. गोंद थंडीत आणि ओल्यात धरत नाही. पावसाळी प्लास्टिकच्या सँडल मुक्कामापुरत्या.

"पावसाची आम्हाला सवय आहे"

कोकणातला पाऊस पंचवीस अंशांतला असतो. भिजलो, घरी आलो, अंग पुसलं. भोजबासाला दुपारी वारा सुटतो, पाऊस आला तर पारा पाच अंशांकडे येतो, आणि सुती बनियन व जीन्स भिजली की अंगावर वाळत नाहीत. थरथर, मग बोलताना जीभ अडखळणं, मग थरथर थांबणं. थरथर थांबली म्हणजे बरं वाटतंय असं नाही, प्रकृती बिघडली आहे. अंगालगत पॉलिस्टर किंवा लोकर, त्यावर फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट आणि तशीच पँट. सुती कपडा फक्त रुमाल. कोरड्या मोज्यांचा आणि बनियनचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि झोपेपर्यंत उघडू नका.

गॉगल अतिनील किरणं अडवणारा हवा. फॅशनचा काळा चष्मा नसलेल्यापेक्षा वाईट.

परवाना

चारधामची नोंदणी वेगळी आणि गोमुखचा परवाना वेगळा. ही वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते, दिवसाला १५० जणांनाच सोडतात आणि मे-जूनमध्ये जागा आधीच भरतात. तारीख ठरवूनच रेल्वेचं तिकीट काढा, उलट नव्हे. परवाना दोन दिवसांचा असतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी भोजबासा ते गोमुख चार किलोमीटर, परत चार, आणि गंगोत्रीपर्यंत चौदा, असे बावीस किलोमीटर चालायचे आहेत. हा हिशेब कोणी करत नाही आणि संध्याकाळी गुडघे धरून बसतात. गोमुखच्या पुढे असलेल्या तपोवनला या परवान्यावर जाता येत नाही.

टूर मॅनेजर म्हणजे गाइड नव्हे

आपल्याकडून बरोबर येणारा माणूस जेवण, खोल्या आणि गाडी बघतो. तो प्रेमळ असतो, पण वाट त्याची नाही. स्थानिक गाइड स्वतंत्र हवा, आठ-दहा जणांमागे एक, आणि गट मोठा असेल तर शेवटच्या माणसामागे चालणारा दुसरा. उत्तरकाशीत १९६५ पासून नेहरू पर्वतारोहण संस्था आहे. तिथलं प्रशिक्षण झालेली माणसं त्या भागात मिळतात. पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा: प्राणवायू बरोबर असतो का, आजारी माणसासोबत खाली कोण जाणार, आणि परत फिरण्याचा निर्णय कोणाचा. तिसऱ्याचं उत्तर "तुम्ही म्हणाल तसं" आलं तर दुसरा माणूस शोधा.

हिमनदीच्या तोंडाशी

पहिली तक्रार: "हा तर दगडांचा ढीग आहे, बर्फ कुठंय?" बर्फ खालीच आहे. गंगोत्री हिमनदीचा खालचा भाग दगडमातीने झाकलेला आहे. बर्फ दिसतो तो मुखाच्या उभ्या कड्यात, निळसर-करडा. पांढरं मैदान हवं असेल तर ते इथे नाही.

मग तो निळा कडा जवळून बघायला, फोटोसाठी, लोक कमानीखाली जातात. हे करूच नका. हिमनदीचं मुख स्थिर नसतं. बर्फ पुढे सरकत असतो आणि पुढून वितळून तुटत असतो. २०१६ च्या जुलैमध्ये मुखाचा मोठा भाग कोसळला. कड्यावर रात्री गोठून बसलेले दगड ऊन लागलं की सुटतात. पडण्याआधी ते आवाज करतातच असं नाही. वनखात्याने दाखवलेल्या खुणेपाशी थांबा, पाठ कड्याकडे करून सेल्फी काढू नका, आणि दहाच्या आत परत फिरा. इटलीत मार्मोलादाला २०२२ मध्ये हिमनदीचा तुकडा कोसळून ११ जण गेले. आइसलंडमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये मार्गदर्शकासोबत असलेल्या पर्यटकांवर बर्फ कोसळून एक जण दगावला. गाइड बरोबर आहे म्हणून बर्फ थांबत नाही.

डुबकीबद्दल. लहानपणापासून खाडीत पोहणाऱ्यांना सगळ्यात जास्त सांगावं लागतं. मुखापाशी पाणी शून्याच्या जरा वर असतं. त्यात उतरल्यावर पहिला श्वास आपोआप ओढला जातो, तो थांबवता येत नाही, आणि तोंड पाण्याखाली असेल तर तेवढं पुरतं. दहा मिनिटांत हाताची पकड जाते. पोहता येण्याचा इथे उपयोग नाही, प्रवाहही पोहू देत नाही. श्रद्धा असेल तर काठावर बसून ओंजळीने पाणी घ्या, डोक्यावर शिंपडा.

वाटेतल्या ओहोळांचं गणित आपल्या माणसांना लवकर कळतं, कारण त्यांनाही रोज भरती येते. फक्त ती चंद्रावर नाही, उन्हावर. सकाळी सहाला घोट्याएवढं पाणी असलेला ओढा दुपारी तीनला गुडघ्यावर येतो. म्हणून सहाला निघायचं. चीडबासा ते भोजबासा या पट्ट्यात वरून दगड येतात, कधी भरल नावाच्या रानमेंढ्यांच्या पायानेही. तिथे थांबून खाऊ नका, गाणी नकोत, कानात इअरफोन नको, माणसामाणसांत अंतर ठेवा.

दोन-चार बारक्या गोष्टी

सोडे-सुकट घरी ठेवा, गंगोत्रीत शाकाहारच. भोजबासाला पाणी सत्त्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात उकडा तांदूळ शिजत नाही. हट्ट नको, मिळेल ती खिचडी खा. दिवसाला तीन-चार लिटर पाणी, त्यात चिमूटभर मीठ घालून कोकम आगळ चांगलं. मोबाइल रात्री झोपण्याच्या पिशवीत घ्या, थंडीने बॅटरी बसते. दारू पूर्ण बंद.

युरोपच्या सहलीत स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला जाणाऱ्यांनाही पहिलाच मुद्दा लागू आहे. इंटरलाकेनच्या साधारण ५७० मीटरवरून रेल्वेगाडी दोनेक तासांत ३,४५४ मीटरवर आणून सोडते. आजी-आजोबांना तिथल्या जिन्यांवर पळवू नका.

कधी जावं, आणि परतीचं तिकीट

मेचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य, किंवा गणपती झाल्यावर भातकापणीच्या आधी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये "शेतीची लावणी झाली, मोकळे आहोत" म्हणून निघू नका. ५ ऑगस्ट २०२५ ला हर्सिलजवळच्या धरालीवर खीरगाड ओढ्याचा लोंढा आला तो याच रस्त्यावर. हंगामातही दरड पडून उत्तरकाशी-गंगोत्रीचा सुमारे १०० किलोमीटरचा रस्ता दिवस-दिवस बंद राहतो. त्यामुळे निजामुद्दीनहून मंगला एक्सप्रेसचं परतीचं आरक्षण गंगोत्री सोडल्याच्या दिवसानंतर किमान तीन दिवसांनी करा. गाडी चुकेल म्हणून ड्रायव्हरला रात्री घाटात पळवण्यापेक्षा उत्तरकाशीत एक रात्र जास्त राहणं स्वस्त पडतं.