चार वस्त्यांचा एक वर्ग : गावात महिलांचे सामायिक प्रशिक्षण कसे उभारावे

मराठवाड्यातील बहुतेक बचत गट एकाच गल्लीचे असतात. दहा ते वीस जणी, रोजच्या ओळखीच्या, एकमेकींच्या अडीअडचणी माहीत असलेल्या; उसने दिलेले पैसे परत येतील की नाही हे ज्यांना कागद न पाहता सांगता येते, अशांचाच गट टिकतो आणि बचतीच्या दृष्टीने ते योग्यही आहे. अडचण प्रशिक्षणाच्या वेळी येते. वर्ग एका गटाला मिळाला की शिलाई मशीन, मास्तरीणबाई आणि पुढची ऑर्डर हे सगळे त्याच गल्लीत राहते, आणि तांडा, मोहल्ला किंवा भीमनगर यांच्या वाट्याला फक्त उद्घाटनाचे आमंत्रण येते. ज्या सीआरपी ताईंना (गटांना मदत करणाऱ्या, गावातल्याच समुदाय संसाधन व्यक्तींना) किंवा ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातील गटांच्या संघाच्या, पदाधिकाऱ्यांना संपूर्ण गावासाठी एक वर्ग चालवायचा आहे, त्यांच्यासाठी पुढील सूचना आहेत.

सर्वांत आधी एक गोष्ट ठरवून टाकावी : चालू गट मोडायचे नाहीत. मिश्र वस्तीचा नवा बचत गट करण्याचा मोह होतो, कारण छायाचित्रात तो चांगला दिसतो. पण जुन्या गटाचे कर्ज अर्धवट असताना बाई बाहेर पडली तर दोन्हीकडे तिची पत जाते. बचत आपापल्या गल्लीत राहू द्यावी आणि कामासाठी प्रत्येक गटातून तीन-चार जणी घेऊन त्यांचा स्वतंत्र उत्पादक गट ग्रामसंघाच्या ठरावाने करावा.

महिना निवडताना पंचांगाबरोबर शेतीचेही गणित मांडावे. बीड जिल्ह्यातील आणि लगतच्या तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि गळीत हंगाम आटोपल्यावर, साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात. हिवाळ्यात घेतलेल्या वर्गातून तांडा आणि भूमिहीन वस्ती आपोआप वगळली जाते. कोणी कोणाला नाही म्हटलेले नसते, तरी तसे होते. जून पेरणीत जातो, त्यापुढे खुरपणी, मग सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी. उरतात ते एप्रिल-मे, आणि त्यांत लग्नसराई. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, म्हणून त्याची तारीख मोहल्ल्यात विचारून घ्यावी. वेळ दुपारी बारा ते तीन ठेवावी आणि टँकर कोणत्या वारी येतो ते लिहून ठेवावे, कारण टँकरचा भोंगा वाजला की वर्ग रिकामा होतो.

जागेबाबत माझीच चूक सांगतो. पहिला वर्ग आम्ही देवळाच्या सभामंडपात घेतला. सावली होती, पंखा होता, भाडे नव्हते. नावे सव्वीस आली होती. चौथ्या दिवशी सतरा उरल्या आणि सतराही गावठाणातल्याच. कोणी तक्रार केली नाही. “काम निघालं,” एवढेच प्रत्येकीने सांगितले. दुसऱ्या खेपेला जिल्हा परिषद शाळेची सुट्टीतली खोली घेतली आणि तांड्यातल्या जणींना तीन किलोमीटर चालावे लागू नये म्हणून आठवड्यातून एक दिवस वर्गच तांड्यावर नेला. सर्वांना सारखीच जवळ किंवा सारखीच लांब अशी जागा शोधावी. शाळा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायतीचे सभागृह या क्रमाने विचारून पाहावे. उद्घाटनाला हळदी-कुंकू ठेवू नये. त्यात विधवा बाजूला बसतात, मुस्लिम आणि बौद्ध महिला येत नाहीत, आणि गटातील सर्वांत गरजू बाई बहुधा यांच्यापैकीच एक असते.

जागेइतकेच पाण्याकडे लक्ष असावे. पहिले दोन दिवस जो माठ ठेवला जातो त्यातून कोण पिते आणि कोण घरून बाटली आणते हे पाहिले की गावाचा नकाशा कळतो. याविषयी भाषण देऊन उपयोग होत नाही. माठ भरण्याची आणि चहा करण्याची पाळी चिठ्ठ्या टाकून, दोन-दोन जणींची, पहिल्याच दिवशी लावावी. पाळी हजेरीपटाच्या शेवटच्या रकान्यात लिहावी, म्हणजे तो नियम होतो, उपकार राहत नाही. एखादी आठवडाभर बाटली आणेल. तिला आणू द्यावी.

विषय निवडताना शिवणकामाची मागणी सर्वाधिक येते, पण त्यात प्रत्येक जण स्वतःच्या मशीनवर खाली मान घालून बसते. मी खाद्यपदार्थांपासून सुरुवात करण्याच्या मताचा आहे, आणि त्यातही शेवयांपासून, कारण शेवई गावात सर्वांची आहे : गावठाणात उन्हाळ्याच्या वाळवणात, मोहल्ल्यात ईदच्या शिरखुर्म्यात. आमच्या वर्गात शिकवणाऱ्या बाई शहरातून आल्या होत्या आणि वजनमापाने पीठ भिजवत होत्या. मोहल्ल्यातील एका खालाने दोन बोटांत कणकेचा गोळा धरून ओढून पाहिला, तो मध्येच तुटला, आणि तिने काही न बोलता ओला फडका टाकून तो अर्धा तास बाजूला ठेवला. नंतर तीच कणीक सुतासारखी ओढली गेली. दुसऱ्या दिवसापासून पीठ पाहण्याचे काम तिच्याकडे गेले. येसर, म्हणजे आमटीचा भाजका मसाला, भाजण्यात गावठाणातली आजी पुढे होती, तर पिशवीच्या तोंडाला कवड्यांचा आणि आरशांचा काठ लावण्यात तांड्यातल्या याडी, म्हणजे बंजारा आया. वर्गाचे वेळापत्रक असे आखावे की प्रत्येक वस्तीतली किमान एक जण आठवड्यातून एकदा शिकवायला उभी राहील. जी बाई नेहमी शिकणारीच राहते, ती दुसऱ्यांच्या वर्गात पाहुणी असते.

प्रशिक्षणाचा खर्च स्वतः उभा करण्याची गरज सहसा पडत नाही. बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था मोफत वर्ग देतात. 1975 साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, लोकसंचालित साधन केंद्रांमार्फत काम करते. ‘उमेद’, म्हणजे राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान, त्याच्याकडची मागणी ग्रामसंघाकडून तालुका कक्षाकडे जाते. अर्जात एकाच गटाची नावे न देता वस्तीनिहाय यादी जोडावी. तत्पूर्वी महिला ग्रामसभेत विषय मांडून ठराव नोंदवून घ्यावा, कारण पुढे शाळेच्या खोलीवरून वाद निघाला की तोच कागद उपयोगी पडतो. आणि बायकांना एवढे कळते का, असे कोणी विचारल्यास 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरचे उदाहरण द्यावे. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात घरमालक आणि अभियंते यांच्यामधला दुवा म्हणून गावोगावच्या महिला मंडळांनीच काम केले होते.

गट फुटतात ते जातीवरून कमी आणि हिशेबावरून जास्त. मात्र हिशेबाचे भांडण झाले की त्याला जातीचे नाव दिले जाते. त्यामुळे अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष तीन वेगळ्या वस्त्यांतल्या असाव्यात आणि बँकेतून पैसे काढताना किमान दोघींच्या सह्या लागाव्यात. मजुरी किलोवर देऊ नये. शेवया पाडणारीचे काम मोजता येते, पण दुपारभर गच्चीवर बाजेवरच्या शेवया कावळ्यांपासून आणि वळवाच्या पावसापासून राखणारीचे काम किलोत बसत नाही. तासावर मजुरी लावावी, तास रोजच्या रोज वहीत लिहावेत आणि शनिवारी वही सर्वांसमोर मोठ्याने वाचावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हे वाचन हीच पावती असते. विक्रीआधी अन्न परवान्याची नोंदणी करून घ्यावी आणि पाकिटावर नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन व पॅकिंगची तारीख छापावी.

आठवडी बाजारात गाळ्यावर दोघींनी बसावे, दोन वेगळ्या वस्त्यांतल्या, आणि गल्ला दर बाजाराला दुसऱ्या जोडीकडे जावा. पहिल्या बाजारी आमच्या दोघी अंतर ठेवून, मध्ये शेवयांची पाटी घेऊन बसल्या होत्या. दुपारी ऊन फिरले तेव्हा सावलीचा तुकडा एकीकडेच उरला, आणि दोघींना पाटी सरकवावी लागली.